खेळण्यांच्या पेटीतले चित्रपट

सुमारे नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जपानमधील एखाद्या शहरातल्या घरात संध्याकाळी डोकावले असते, तर एक मजेशीर देखावा दिसला असता. खोलीत अंधार. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली. तिच्यासमोर भावंडे दाटीवाटीने बसलेली. मागे थोरला भाऊ एका पत्र्याच्या छोट्या यंत्राजवळ बसलेला. यंत्राच्या पोटात एक दिवा आणि बाजूला फिरवायचा दांडा. दादाने दांडा फिरवला, की चादरीवर सामुराई योद्धा तलवार उपसून धावत येई. एक वार, दुसरा वार, आणि फिल्म संपे! सारा खेळ एखाद्या मिनिटाचा. मग 'पुन्हा लाव, पुन्हा लाव' असा एकच गलका होई.

हे यंत्र म्हणजे मुलांचे खेळणेच होते. ते आणि त्यासाठी लागणारी फिल्म खेळण्यांच्या दुकानात विकत मिळे. फिल्मच्या अशा तुकड्यांना जपानी भाषेत 'ओमोचा एइगा' म्हणतात. 'ओमोचा' म्हणजे खेळणे आणि 'एइगा' म्हणजे चित्रपट.

हे तुकडे येत कोठून? त्या काळी एक चित्रपट गावोगावच्या चित्रपटगृहांत फिरे. फिरून फिरून त्याची फिल्म झिजे, तिला ओरखडे पडत, कडेची भोके फाटत. अशी फिल्म चित्रपटगृहाच्या उपयोगाची नसे. मग व्यापारी ती विकत घेत. तिच्यातील लढाईची, पाठलागाची, विनोदाची दृश्ये कापून काढत आणि लहान लहान गुंडाळ्या करून विकत. मुलांना पूर्ण गोष्ट कळत नसे; पण सामुराईची तलवार तर दिसे! तेवढ्यावर मुले खूश असत.

त्या काळचे चित्रपट मूक होते. पडद्यावरची माणसे ओठ हलवत, पण आवाज येत नसे. मात्र जपानमधील चित्रपटगृहात शांतता मुळीच नसे. पडद्याच्या बाजूला एक निवेदक उभा राही. त्याला 'बेन्शी' म्हणत. तो गोष्ट सांगे, प्रत्येक पात्राचा आवाज काढे, रडे आणि हसेही. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी गावी चित्रकथी चित्रे दाखवत रामायण-महाभारतातील कथा सांगतात. बेन्शीचे काम काहीसे तसेच होते. काही बेन्शी तर नटांइतकेच लोकप्रिय होते.

पुढे बोलपट आले. मूकपट पाहायला कोणी येईना. जुन्या फिल्मची रिळे अडगळीत पडली. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. ती चांदी परत मिळवण्यासाठीही जुन्या फिल्म भंगारात जात. शिवाय त्या काळची फिल्म नायट्रेट नावाच्या पदार्थाची असे. हा पदार्थ मोठा घातकी! तो चटकन पेट घेतो आणि एकदा पेटला की पाण्याखालीही जळत राहतो, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याच्या स्वतःच्याच अंगात असतो. जळला नाही तरी तो हळूहळू कुजतो. फिल्म आधी चिकट होते, मग तिचे थर एकमेकांना चिकटतात आणि शेवटी हाती उरते ती नुसती भुकटी.

त्यात जपानवर संकटेही मोठी आली. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो आणि योकोहामा या शहरांत प्रचंड भूकंप झाला. भूकंपानंतर आगी भडकल्या. त्यांत आधीच्या वर्षांतील असंख्य चित्रपट भस्मसात झाले. दुसऱ्या महायुद्धात शहरांवर बाँब पडले आणि उरलेल्यांतील बरेच गेले. १९२० ते १९३० या दहा वर्षांत जपानमध्ये हजारो चित्रपट निघाले. त्यांतील शंभरांमागे पाचही आज उरलेले नाहीत. आपल्याकडची स्थिती फार वेगळी नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचा थोडासाच भाग आज पाहायला मिळतो. तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे.

पण काही चित्रपट भलत्याच ठिकाणी सुखरूप राहिले. किनुगासा तेइनोसुके या दिग्दर्शकाने १९२६ साली एक वेगळ्याच धाटणीचा चित्रपट काढला होता. तो नष्ट झाला असे सारे मानत होते. १९७१ साली, म्हणजे तब्बल ४५ वर्षांनी, तो सापडला. कोठे? खुद्द किनुगासांच्या घरच्या कोठीत! ज्याने चित्रपट काढला, त्याच्याच घरात तो इतकी वर्षे पडून होता.

मात्सुदा शुन्सुई हे लहानपणापासून बेन्शीचे काम करत. महायुद्धानंतर त्यांनी जुन्या फिल्म शोधून गोळा करायला सुरुवात केली. त्यांना त्या नुसत्या साठवायच्या नव्हत्या. ते त्या दाखवत आणि स्वतः बेन्शी होऊन गोष्टही सांगत.

सर्वांत गमतीची हकिकत 'बोथट तलवार' या छोट्या व्यंगचित्रपटाची. मूळ जपानी नाव 'नामाकुरा गाताना'. तो १९१७ सालचा, म्हणजे जपानच्या अगदी पहिल्या व्यंगचित्रपटांपैकी एक. एक बावळट सामुराई नवी तलवार विकत घेतो. तिची धार पाहण्यासाठी तो वाटसरूंवर चालून जातो आणि दर वेळी स्वतःच मार खातो, कारण तलवार बोथट असते! हा चित्रपट कोणाला पाहायला मिळेल अशी आशा उरली नव्हती. २००७ साली ओसाका शहरातील जुन्या वस्तूंच्या बाजारात एका अभ्यासकाला त्याची फिल्म मिळाली. तिची दुरुस्ती करून २००८ साली तो तोक्योत लोकांना दाखवण्यात आला.

खेळण्यातले तुकडेही असेच कामी आले. मूळ चित्रपट जळला, कुजला, भंगारात गेला. पण एखाद्या घराच्या माळ्यावर, खेळण्यांच्या पेटीत, त्याचे एक मिनिट शिल्लक राहिले. कित्येक चित्रपटांचे आज तेवढेच उरले आहे. अशा तुकड्यांसाठी क्योटो शहरात २०१५ साली एका जुन्या लाकडी घरात खास संग्रहालय सुरू झाले. लोक आजोबांच्या पेटीत सापडलेली गुंडाळी घेऊन येतात आणि विचारतात, "हे काय आहे हो?" मग नटाचा चेहरा, पोशाख, मागचे घर पाहून तो तुकडा कोणत्या चित्रपटाचा ते शोधावे लागते. कापलेल्या तुकड्यावर नाव थोडेच असणार?

फिल्मची दुरुस्ती करणे हे नाजूक काम आहे. मूक फिल्ममध्ये एका सेकंदाला सुमारे १६ चित्रे लागत. म्हणजे मिनिटभराच्या तुकड्यात जवळजवळ हजार चित्रे झाली. जुनी फिल्म आकसलेली असते. घाईने यंत्रात घातली तर फाटते. म्हणून ती आधी हळूवार पुसतात, फाटलेल्या भोकांना ठिगळे लावतात आणि मग एकेका चित्राची नक्कल नव्या फिल्मवर किंवा संगणकात उतरवतात. ओरखडे पडलेल्या फिल्ममध्ये पडद्यावर उभ्या रेघा थरथरताना दिसतात. जपानी लोक अशा फिल्मला 'पाऊस पडतोय' असे म्हणतात. हा पाऊस संगणकाने पुसता येतो. मात्र दृश्यात खरोखरीचा पाऊस असेल, तर तोही पुसला जाणार नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

दुरुस्त केलेली फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवली तरच टिकते. १९८४ साली तोक्योतील राष्ट्रीय चित्रपट केंद्राला आग लागली आणि अनेक विदेशी चित्रपट जळाले. त्यानंतर १९८६ साली सागामिहारा येथे फिल्मसाठी खास कोठारे उभी राहिली. २००९ साली जपान सरकारने १८९९ सालच्या 'मोमिजिगारी' या चित्रपटाला जुन्या मंदिरांप्रमाणे आणि मूर्तींप्रमाणे महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा मान दिला. असा मान मिळालेला तो पहिला चित्रपट होय.

एके काळी घरी चित्रपट पाहायचा, तर दांडा फिरवावा लागे. आता २०१७ सालापासून जपानचे जुने व्यंगचित्रपट राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने इंटरनेटवर ठेवले आहेत. 'बोथट तलवार'ही त्यांत आहे. २०२१ साली १९२३ च्या भूकंपाच्या वेळी घेतलेली दृश्येही तशीच खुली झाली.

ओझू यासुजिरो या थोर दिग्दर्शकाचा 'तोक्कान कोझो' हा १९२९ सालचा चित्रपटही घरगुती फिल्ममुळेच वाचला. एक गुंड एका खोडकर मुलाला पळवून नेतो. मुलगा रडत नाही की घाबरत नाही. उलट खाऊ माग, खेळणी माग, गुंडाच्या म्होरक्याच्या टकलावर खेळण्यातला बाण मार, असा उच्छाद मांडतो. शेवटी कंटाळून गुंडच त्याला परत सोडायला निघतो! चित्रपटगृहातील या चित्रपटाची प्रत नष्ट झाली. पण 'पाथे बेबी' नावाच्या फ्रेंच कंपनीच्या घरगुती यंत्रासाठी त्याची छोटी, काटछाट केलेली आवृत्ती निघाली होती. तिची फिल्म बोटभरही रुंद नव्हती, अवघी साडेनऊ मिलिमीटर, आणि ती सहज पेट घेणारी नव्हती. कित्येक वर्षांनी तिची सुमारे १४ मिनिटांची प्रत सापडली. पुढे क्योटोच्या त्या संग्रहालयाकडे आणखी एक प्रत आली. ती थोडी अधिक लांब निघाली. २०१६ साली ही बातमी सर्वांना कळली. मूळ चित्रपट मात्र ३८ मिनिटांचा होता. त्या पोराच्या उरलेल्या खोड्या अजून सापडायच्या आहेत.