अतिरिक्त कोण, हे ज्येष्ठता यादी ठरविते

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या अनुदानित माध्यमिक शाळेत पटसंख्या घटून तुकडी बंद झाली, की शिक्षकाचे पद कमी होते. अशा वेळी कोणास ठेवावयाचे व कोणास अतिरिक्त ठरवावयाचे, हे संस्थाचालकांच्या मर्जीवर सोडलेले नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, 1981 मधील नियम 26 अन्वये सामान्यतः सेवाज्येष्ठतेचे तत्त्व पाळावे लागते. कायम कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची नोटीस आणि शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता आवश्यक असते. ज्येष्ठास कमी करून कनिष्ठास ठेवावयाचे झाल्यास त्याची कारणे द्यावी लागतात.

ही ज्येष्ठता अनुसूची ‘फ’ नुसार ठरते. तीत शिक्षकांचे अर्हतेप्रमाणे प्रवर्ग केलेले आहेत. त्यामुळे केवळ रुजू झाल्याची तारीख पुरेशी नसते. प्रवर्गात प्रवेश केल्याची तारीख पाहिली जाते. समजा, घाटंजीच्या शाळेत एक पदवीधर 1995 साली लागला, परंतु बी.एड. 1999 साली झाला. तर 1997 साली बी.एड. होऊन आलेली शिक्षिका त्याच्याहून ज्येष्ठ ठरेल. प्रवर्गातील तारीख एकच असल्यास वयाने मोठा तो ज्येष्ठ.

यादी कर्मचाऱ्यांमध्ये फिरवून सह्या घेतल्या जातात. हरकत नोंदविण्याची वेळ हीच. वाद न मिटल्यास तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. कमी केलेले पद पुन्हा निर्माण झाल्यास पहिली संधी त्याच कर्मचाऱ्यास नोंदणीकृत डाकेने द्यावी लागते. म्हणून यादी वाचल्याखेरीज सही करू नये. पुढे एका तारखेवर साऱ्या कुटुंबाची भाकरी अवलंबून असते.