हँडल थांबेना!

गेल्या भाऊबीजेला आम्ही सारी मंडळी येडगावला आत्याकडे गेलो होतो. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, आणि तिथून आत वळले की कुकडीवरचे धरण. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. तिचा एकच फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे. थोरल्या काकांनी, म्हणजे तिच्या दादाने, १९६२ साली तिचे लग्न झाल्यावर नदीकाठी काढलेला. त्यात मागे कुकडीचे उघडे पात्र दिसते. पुढे १९७०च्या दशकात धरण झाले, आणि आज त्याच ठिकाणी पाण्याचा फुगवटा आहे.

काकांच्या पश्चात त्यांचा कॅमेरा माझ्याकडे आला. दोन डोळ्यांचा, वरून वाकून पाहायचा, जर्मन बनावटीचा रोलायफ्लेक्स. त्याच कॅमेऱ्याने, त्याच काठावर, त्याच आत्याचा फोटो काढावा असे माझ्या मनात होते. आत्या ठेवणीतले नऊवारी नेसून खुर्चीवर बसली. सुना, नातवंडे भोवती उभी राहिली. मी रोल भरला, झाकण लावले आणि हँडल फिरवू लागलो.

हँडल एकाच्या आकड्यावर आपोआप अडायला हवे. ते अडलेच नाही. मी फिरवत राहिलो. हळूहळू ते हलके लागू लागले, आणि एकही फोटो न काढता अख्खा रोल एका स्पूलवरून दुसऱ्यावर जाऊन बसला! दुसरा रोल मी नेलेला नव्हता, आणि हे रोल काही नारायणगावच्या बाजारात टोमॅटोशेजारी मिळत नाहीत. शिवाय आता ऊन उतरत आलेले. जुन्नर तालुक्यात संध्याकाळी उसाच्या कडेला रेंगाळणे शहाणपणाचे नाही. बिबट्याचे घर तेच. आत्या उठली आणि एवढेच म्हणाली, “काय रं, यंतर बिघडलं व्हय?”

परतताना वाटेत खोडदच्या बाजूची रेडिओ दुर्बीण आठवली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अजस्र तबकड्या लाखो-कोटी प्रकाशवर्षे दूरचे संदेश टिपतात, आणि माझ्या यंत्राला पोटातली फिल्म कळेना!

पुण्यात जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. मला वाटले, ते स्क्रू काढायला बसतील. पण ते म्हणाले, “साहेब, उघडायचे नंतर. आधी रोल कसा भरता ते दाखवा.” त्यांनी एक निकामी रोल पुढे केला. मी भरून दाखवला. ते हसले. “याला डोळे नाहीत, बोट आहे. बोटाखालून कागद गेलाच नाही, तर त्याला काय कळणार?”

हे बोट काय आहे ते वाचकांना सांगितले पाहिजे, कारण कपाटात असा कॅमेरा असलेली घरे अजून पुष्कळ आहेत. १२० नंबरची फिल्म १९०१ पासून चालत आली आहे. ती एका लांब कागदावर चिकटवलेली असते. आधी नुसता कागद येतो, मग फिल्म सुरू होते. आपल्याकडच्या आगफा क्लिक-३ सारख्या साध्या कॅमेऱ्यात पाठीवर लाल खिडकी असते. कागदावर छापलेला आकडा तिच्यात दिसला की माणसाने आपला हात थांबवायचा. इतर काही कॅमेऱ्यांत कागदावरचा बाण आतल्या खुणेसमोर आणून झाकण लावायचे. तिथून पुढे मोजणे यंत्राचे. रोलायफ्लेक्सच्या १९३७च्या ऑटोमॅट नमुन्याने बाण आणि खिडकी दोन्ही काढून टाकली. त्यात कागद दोन बारीक रुळांमधून जातो. नुसता कागद पातळ; फिल्मचे टोक चिकटपट्टीसकट आले की जाडी एकदम वाढते, रूळ किंचित उचलला जातो आणि मोजणी सुरू होते. मी कागद त्या रुळाच्या वरूनच ओढून नेला होता. यंत्राच्या दृष्टीने रोल भरलाच गेला नव्हता!

दोष माझा, हे मान्य करून मी उठणार, तोच त्यांनी बसवून घेतले. माझ्याच हाताने पुन्हा नीट, रुळांमधून, कागद भरवला. तीनदा भरला, दोनदा हँडल अडले, एकदा नाही. म्हणजे माझ्या चुकीच्या आड दुसरा एक दोष लपला होता. वर्षानुवर्षे कपाटात पडून रुळाच्या बिजागरीतले तेल सुकून चिकट झाले होते. काडीला कापूस गुंडाळून, लायटरमध्ये भरतात त्या द्रवाचा जेमतेम ओलावा देऊन त्यांनी ती जागा पुसली. मग दहा वेळा भरले, दहाही वेळा एकावर अडले.

इथे एक कळकळीची सूचना. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली प्रत्येक घरात असते आणि हात तिकडेच वळतो. कृपा करून वळू देऊ नका! ते तेल पसरत पसरत शटरच्या पातळ पात्यांपर्यंत पोचते, आणि दहा मिनिटांचे काम महिन्याचे होऊन बसते.

घरी करण्याजोगी परीक्षा मात्र सोपी आहे, आणि तिला नवा रोल लागत नाही. हल्ली एका रोलला काही शे रुपये पडतात, तेव्हा हे महत्त्वाचे. रोल धुवायला देताना मागचा कागद परत मागून घ्यावा. फिल्म जिथे सुरू होत होती त्या जागी जाडसर कागदाची पट्टी चिकटवावी, गुंडाळी नीट करून भरावी, झाकण लावून फिरवावे. हँडल अडले तर बोट जिवंत आहे. भरताना गुंडाळीवर अंगठा दाबून धरावा. कागद सैल सुटून फुगला तर तीच जाडी समजून यंत्र लवकर मोजू लागते आणि पहिला फोटो कोऱ्या कागदावर पडतो. फोटो एकमेकांवर चढत असतील तर मात्र दुखणे बहुधा आतल्या दातेरी चाकांचे. कारण गुंडाळी जाड होत जाते तसे प्रत्येक फोटोला स्पूल कमी फिरावे लागते, आणि हा हिशेब तीच चाके ठेवतात. तिथे आपण हात घालू नये.

मार्गशीर्षात पुन्हा येडगावला गेलो. या वेळी रोल तीन, आणि सकाळची वेळ. आत्या तेच लुगडे नेसली होती. खुर्ची पाण्याच्या कडेला ठेवली. सगळ्यांचे लक्ष आत्याकडे नव्हते, माझ्या हाताकडे होते. हँडल फिरले, आणि खट्‌कन अडले! नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.

बारा फोटो आले, सारख्या अंतरावर, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. त्यांतला सर्वांत चांगला मोठा करून आत्याला नेऊन दिला, आणि शेजारी ताडून पाहायला १९६२चाही ठेवला. तिने दोन्ही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले.

“दादाचा बरा आलाय,” ती म्हणाली. “त्याला हँडल फिरवता येत हुतं.”