संगणकाचे प्रारंभीचे दोषसंदेश

संगणकाला विद्युत् पुरवठा सुरू केल्यापासून कार्यकारी प्रणाली त्याचा ताबा घेईपर्यंतच्या काही सेकंदांत संगणक आपल्या घटकांची तपासणी स्वतःच करतो. या तपासणीत अडथळा आल्यास पडद्यावर उमटणाऱ्या मजकुरास किंवा ऐकू येणाऱ्या ध्वनिसंकेतास प्रारंभीचा दोषसंदेश म्हणतात. तपासणी कोणत्या टप्प्यावर थांबली, हे या संदेशावरून कळते. ती का थांबली, हे मात्र क्वचितच कळते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे, अल्प किमतीचा एक घट बदलून भागले असते अशा प्रसंगीही चकती पुसून कार्यकारी प्रणाली नव्याने बसविली जाते आणि तीवरील कौटुंबिक छायाचित्रे, हिशेब व पत्रव्यवहार नष्ट होतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १९९५ ते २०१० या काळात घरोघरी आलेल्या, आयबीएम पीसीच्या धर्तीच्या संगणकांचा विचार केला आहे.

ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये ‘बायोस’ ही मूलभूत आज्ञावली केवळ-वाचन स्मृतीत (रॉममध्ये) कायमची नोंदलेली होती आणि स्वयंतपासणी हे तिचे पहिले काम होते. त्यापूर्वीच्या व समकालीन छोट्या संगणकांत हा प्रश्न निराळा होता. भारतातील शाळांमध्ये १९८४-८५ पासून ‘क्लास’ प्रकल्पाखाली बसविलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाची सर्व प्रणाली रॉममध्येच असे. तीसाठी चकती शोधावी लागत नसे. त्यामुळे पहिली ओळ उमटली की यंत्र चालू, नाही उमटली की बंद, इतकाच निर्णय बहुधा करावा लागे. आयबीएमने दोषांना क्रमांक दिले होते : २०१ म्हणजे स्मृतीतील दोष, ३०१ म्हणजे कळफलकातील, १७०१ म्हणजे हार्ड डिस्कचा. पुढे क्रमांकांची जागा इंग्रजी वाक्यांनी घेतली. पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) ‘जिस्ट’ कार्डाद्वारे पीसीच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे आणली, तरी बायोसचे संदेश इंग्रजीतच राहिले. परिणामी मराठी घरात हे संदेश वाचण्याऐवजी पाहिले जातात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वस्तुतः संदेशातील नेमके शब्द कागदावर उतरवून घेणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

तपासणीचा क्रम : कळ दाबल्यावर विद्युत् पुरवठा एकक सर्व दाब स्थिर झाल्याचा संकेत देते; तोपर्यंत सूक्ष्मप्रक्रियक रोखून धरलेला असतो. त्यानंतर बायोस स्वतःची बेरीज पडताळते, स्मृतीचा आरंभीचा भाग तपासते, दृश्यपटलाचे मंडल जागे करते, उरलेली स्मृती व कळफलक पाहते आणि अखेरीस चकतीवरील पहिला ५१२ बाइटांचा विभाग वाचून कारभार त्याच्या स्वाधीन करते. तपशिलात निर्मात्यानुसार थोडा फरक असतो. दृश्यपटल जागे होण्यापूर्वीचा दोष पडद्यावर दाखविता येत नाही. म्हणून तो ध्वनीने कळवावा लागतो. एक आखूड ध्वनी सामान्यतः ‘सर्व ठीक’ असे सांगतो. आयबीएम व अवॉर्ड यांच्या पद्धतीत एक लांब व दोन आखूड ध्वनी दृश्यपटलाच्या मंडलाकडे बोट दाखवितात. एएमआयच्या पद्धतीत त्यासाठी आठ आखूड ध्वनी असतात. तेव्हा ध्वनी मोजण्यापूर्वी बायोस कोणाची आहे ते पाहणे आवश्यक ठरते. ध्वनीही नाही आणि पंखाही फिरत नाही, अशा वेळी दोष बहुधा पुरवठ्यात असतो.

स्थानिक परिस्थिती : दोषाचे मूळ शोधताना यंत्र कोठे ठेवलेले आहे, याचाही विचार करावा लागतो. रायगड जिल्ह्यात भोर घाटाच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कर्जत शहराचा दहिवली हा भाग उदाहरणादाखल घेता येईल. येथे वर्षाला ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. भिंती ओल धरतात आणि हवेतील आर्द्रता कित्येक दिवस सतत उच्च राहते. अशा हवेत स्मृतिपट्टी व तिची खाच यांच्या स्पर्शबिंदूंवर मळ व ऑक्साइड यांचा पातळ थर साचतो. कथिलाचा मुलामा असलेल्या जुन्या पट्ट्यांत हे विशेष घडते. मात्र सोन्याच्या मुलाम्यालाही धूळ व ओल यांपासून संपूर्ण संरक्षण नसते. परिणाम असा की, उन्हाळ्यात बिनबोभाट चालणारे यंत्र श्रावणात एकाएकी लांब ध्वनी देत राहते. स्मृती निकामी झाली असे समजून नवी पट्टी विकत घेतली जाते व ती बसविताच यंत्र चालते. वास्तविक काढघाल करताना झालेल्या घर्षणानेच संपर्क पूर्ववत झालेला असतो. म्हणून खरेदीपूर्वी वीजजोड काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् घालवावी, जुनी पट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजविलेल्या कापडाने पुसावी आणि ती वाळल्यावर पुन्हा घट्ट बसवावी. खोडरबराने घासण्याची रीत सर्वत्र प्रचलित आहे. परंतु मुलामा अतिशय पातळ असल्यामुळे व रबराचे कण खाचेत जात असल्यामुळे ती वारंवार योजू नये.

घटाचा दोष : ‘सीमॉस चेकसम एरर’ हा संदेश जुन्या संगणकांत फार आढळतो. दिनांक, वेळ व चकतीविषयीच्या मांडण्या एका छोट्या स्मृतीत जपलेल्या असतात व यंत्र बंद असताना तिला ३ व्होल्टचा, २० मिमी. व्यासाचा लिथियम घट पोसतो. ‘सीआर २०३२’ असा त्यावर ठसा असतो. घट क्षीण झाला की जपलेल्या मांडण्यांची बेरीज जुळत नाही, घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि बायोस आपल्या मूळ मांडण्या स्वीकारते. घट साधारणपणे तीन ते पाच वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक टिकतो. एटीएक्स जातीच्या संगणकांत भिंतीवरील बटण चालू असेपर्यंत घड्याळास मुख्य पुरवठ्यातून विद्युत् मिळते व घटाची झीज थांबते. दहिवलीसारख्या ठिकाणी मृगापूर्वीच्या व परतीच्या पावसात विजा कडाडू लागताच घरातील सर्व खटके बंद करण्याची प्रथा आहे. भारनियमनाच्या काळातही यंत्र तासन् तास पुरवठ्याविना राही. दोहोंमुळे घट लवकर संपतो. तथापि ही प्रथा सोडू नये. विजेच्या आघाताने जळणाऱ्या मुख्य फलकापुढे घटाची किंमत नगण्य आहे.

या संदेशातून एक फसवी साखळी निर्माण होते. मूळ मांडण्या आल्या की प्रारंभासाठी चकती निवडण्याचा क्रम बदलू शकतो. मग बायोस ज्या साधनावर प्रणाली नाही तेथे ती शोधते आणि ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर’ असा संदेश येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘चकतीवरून प्रारंभ करता आला नाही, प्रणाली असलेली चकती घाला’ इतकाच. चकती बिघडली, असा नव्हे. घट बदलून, दिनांक व क्रम पुन्हा नोंदविल्यावर बहुधा सर्व पूर्ववत होते. नुसते घड्याळ चुकले तरी आंतरजालावरील सुरक्षित स्थळे प्रमाणपत्र अवैध असल्याची तक्रार करतात. तो दोषही पुष्कळदा आंतरजाल सेवेच्या माथी मारला जातो.

कळफलकाचा संदेश तुलनेने निरुपद्रवी असतो. जोडणी सैल असणे, एखादी कळ दबून राहणे किंवा पावसाळ्याच्या तोंडावर मुंग्यांनी आत घर करणे ही त्याची नेहमीची कारणे. गोल तोंडाची जोडणी यंत्र चालू असताना काढू वा घालू नये. कळफलक नसल्याचे सांगून लगेच ‘एफ-१ कळ दाबा’ अशी आज्ञा देणारा संदेश विनोदी वाटतो खरा, पण जोडणी पुन्हा बसविल्यानंतर ती कळ उपयोगी पडते.

चकतीचे संदेश : विंडोज एक्सपी (२००१) असलेल्या यंत्रावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हा संदेश आल्यास प्रथम लावून ठेवलेली फ्लॉपी वा यूएसबी साधने काढावीत. संदेश कायम राहिल्यास प्रारंभाचा क्रम पाहावा आणि त्यानंतरच मूळ चकतीवरून हरवलेली फाइल परत ठेवण्याचा विचार करावा. एक लहानशी फाइल नसणे आणि सर्व माहिती नसणे यांत महदंतर आहे.

मात्र चकतीचा नाश जवळ आल्याचे सांगून प्रती काढण्यास बजावणारा ‘स्मार्ट’ पद्धतीचा संदेश, किंवा चकतीतून येणारा लयबद्ध टकटक आवाज, यांची गणना वरील दोषांत करता येत नाही. येथे यंत्र पुन्हापुन्हा चालू करून पाहणे हाच सर्वांत मोठा धोका असतो, कारण प्रत्येक प्रयत्नात पृष्ठभागाची हानी वाढू शकते. टकटक ऐकू येत असल्यास यंत्र त्वरित बंद करावे व माहिती मोलाची असेल तर ती परत मिळविणाऱ्या तज्ज्ञाकडे चकती द्यावी. केवळ संदेश आला असेल तर चकती काढून जोडतारेच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकास लावावी. आधी अन्यत्र न मिळणारी छायाचित्रे व कागदपत्रे उतरवून घ्यावीत, प्रणाली व आज्ञावल्या सोडून द्याव्यात. दुरुस्तीसाठी यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना चकती पुसण्यास आपली संमती नाही, हे पावतीवर लिहून घ्यावे किंवा चकती काढून घरीच ठेवावी. घट, स्मृती व पुरवठा यांचे दोष तिच्याविनाही तपासता येतात.