ताऱ्यांच्या धाग्यावरून आकाशगंगेचें वजन

मागील सत्रांत एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारिलें, "सर, जें दिसत नाहीं त्याचें वजन कसें करितात?" प्रश्न मार्मिक होता. घंटा झाल्यामुळें उत्तर अर्धवट राहिलें. तें आम्ही येथें पुरें करितों.

आपल्या शहरांतील पाणचक्की बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून, तेथें आणिलेलें आहे. नळ कोणास दिसत नाहीं. परंतु पाणी ज्या उंचीवर चढतें त्याहून झरा उंच असलाच पाहिजे, हें तर्कानें सांगतां येतें. ज्योतिर्विदांची रीतही अशीच आहे.

आकाशगंगेभोंवतीं ताऱ्यांचे दाट पुंज फिरत असतात. तिचें आकर्षण पुंजाच्या जवळच्या कडेवर अधिक व दूरच्या कडेवर कमी पडतें. त्यामुळें कडेचे तारे हळूहळू सुटतात. आंतल्या बाजूचे पुढें धांवतात, बाहेरचे मागें रेंगाळतात, आणि कोट्यवधि वर्षांनीं पुंजाचा लांबच लांब धागा होतो. पालोमार-५ या पुंजास असे दोन पदर असल्याचें २००१ सालीं आढळलें. जीडी-१ नांवाचा धागा २००६ सालीं सांपडला. त्याचा मूळ पुंज मात्र अद्याप हातीं लागलेला नाहीं. (हे धागे गच्चीवरून शोधण्याचा खटाटोप कोणी करूं नये, नुसत्या डोळ्यांस ते दिसत नाहींत.)

धाग्यांतील तारे जवळजवळ एकाच वाटेनें जातात. ती वाट किती वांकते व तारे किती वेगानें धांवतात हें कळलें, म्हणजे त्यांस ओढणारें द्रव्य किती, याचें गणित मांडतां येतें. युरोपच्या गाया यानानें २०१४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचीं मोजमापें केलीं, तेव्हां हें काम पुष्कळ सोपें झालें. उत्तर येतें तें दिसणाऱ्या तारे-वायूंच्या वजनाहून जास्त. या न दिसणाऱ्या शिलकीसच कृष्णद्रव्य म्हणतात.

पुणें जिल्ह्यांत खोडद येथें तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्यानें दुसऱ्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचा फिरण्याचा वेग मोजतात, आणि अशा हिशेबांतही हीच शिल्लक निघते. परंतु वायु बहुधा दीर्घिकेच्या चकतींतच असतो. ताऱ्यांचे धागे चकतीच्या वर-खालीं दूरवर जातात. म्हणून आपल्या आकाशगंगेंतील कृष्णद्रव्याचा आकार जाणण्यास ते अधिक उपयोगी, असें आम्हांस वाटतें.

जीडी-१ मध्यें एके ठिकाणीं खिंडार असून शेजारीं एक फांटा फुटलेला आहे. एखादा न दिसणारा जड गोळा तेथून घुसून गेला असावा, असें २०१९ सालीं कांहीं संशोधकांनीं गणितानें दाखविलें. तो गोळा कृष्णद्रव्याचा कीं आणखी कशाचा, याचा शोध चालू आहे.