समजून घ्या : इंग्रजी अर्जात पूर्णविराम चुकला, तर काय बिघडते?

बँकेला पाठवायच्या तक्रारीत एखादा ग्राहक लिहितो : ‘आय ब्लॉक्ड द कार्ड ऑन मंडे द मनी वॉज डेबिटेड.’ सोमवारी नेमके काय झाले? कार्ड बंद केले, की पैसे गेले? ‘कार्ड’नंतर पूर्णविराम दिला, तर पैसे सोमवारी गेले. ‘मंडे’नंतर दिला, तर कार्ड सोमवारी बंद झाले आणि पैसे कधी गेले ते कळतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, यालाच महत्त्व.

रन-ऑन म्हणजे काय?

दोन पूर्ण वाक्ये योग्य विरामचिन्हाशिवाय किंवा जोडशब्दाशिवाय एकमेकांना चिकटवली, की ‘रन-ऑन’ होते. मधे नुसता स्वल्पविराम टाकला, तर त्याला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. लांब वाक्य म्हणजे रन-ऑन नव्हे. नीट जोडलेले पन्नास शब्दांचे वाक्यही शुद्ध असते.

ही चूक का होते?

‘फॉर्म भरला, पैसे भरले, पावती मिळाली नाही’ हे मराठीत सहज चालते. इंग्रजी मात्र तिथे पूर्णविराम किंवा जोडशब्द मागते. मोडी लिपीत तर विरामचिन्हे नव्हतीच. ती मराठीत रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

कशी ओळखाल?

स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. दोन्हींत कर्ता आणि क्रियापद असेल, दोन्ही एकेकट्या पूर्ण वाटत असतील आणि मधे जोडशब्द नसेल, तर चूक आहे.

दुरुस्तीचे चार मार्ग

चुकीचे वाक्य : ‘आय डिड नॉट शेअर द ओटीपी, द मनी वॉज डेबिटेड.’

१. ‘ओटीपी’नंतर पूर्णविराम द्या. सर्वांत सोपा उपाय.

२. अर्धविराम द्या. दोन्ही वाक्यांचा जवळचा संबंध असेल तरच.

३. स्वल्पविराम ठेवून पुढे ‘बट’ लिहा. ‘अँड’, ‘ऑर’, ‘सो’, ‘येट’, ‘नॉर’, ‘फॉर’ हेही असेच जोडशब्द.

४. सुरुवातीला ‘ऑल्दो’ लावा. मात्र ‘जरी… तरी’च्या सवयीने पुढे पुन्हा ‘बट’ लिहू नका.

हेही लक्षात ठेवा

‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ हे जोडशब्द नाहीत. त्यांनी दोन वाक्ये जोडायची असतील, तर आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम द्यावा लागतो.

बोलून टाइप केलेल्या मजकुरात विरामचिन्हे अनेकदा गळतात. त्यामुळे तक्रार, नोकरीचा अर्ज किंवा कार्यालयीन ई-मेल पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचा. फोनच्या बहुतेक कीबोर्डवर स्पेसचे बटण दोनदा दाबले, की पूर्णविराम आपोआप उमटतो.