कोडमधली कंपासपेटी

गणिताचं पुस्तक किंवा प्रश्नपत्रिका लाटेकमध्ये लावताना सूत्रं फारसा त्रास देत नाहीत; घाम काढतात त्या आकृत्या. माउसने ओढलेली स्पर्शिका मोठं करून पाहिलं की वर्तुळात किंचित घुसलेली दिसते, आणि त्रिज्या बदलायची म्हटलं की सगळं पहिल्यापासून. लाटेकच्या मूळ पिक्चर सोयीत तर वर्तुळं फाँटमधून येत. त्यातलं सर्वांत मोठं ४० पॉइंट व्यासाचं, म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर! टिल टांटाऊ यांच्या टिक्झ या पॅकेजने हा जाच संपवला. त्यात आकृती मजकुराच्याच फाइलमध्ये आज्ञा लिहून काढतात.

केंद्र, त्रिज्या, कोन

ड्रॉ ही आज्ञा, मग केंद्राचे निर्देशक, मग सर्कल आणि त्रिज्या, शेवटी अर्धविराम. एकक लिहिलं नाही तर माप सेंटिमीटर धरलं जातं. वर्तुळावरचा बिंदू मात्र क्ष-य निर्देशकांनी शोधत बसू नये. कंसात (६०:२) लिहिलं की मूळबिंदूपासून ६० अंशांवर, २ सेंटिमीटर अंतरावरचा बिंदू मिळतो. त्याचं नाव (६०:२.३) वर ठेवलं की ते रेषेला न चिकटता बाहेर बसतं.

आर्कची गोम

नवखे हमखास इथे अडखळतात. आर्क ही आज्ञा केंद्रापासून नव्हे, लेखणी जिथे आहे तिथून कंस सुरू करते. केंद्रावर उभं राहून ० ते ६० अंशांचा कंस मागितला, तर तो भलतीकडेच उमटतो. आधी (०:२) वर जायचं, मग कंस मागायचा.

बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका

केंद्र ओ, त्रिज्या २, आणि बाहेरचा बिंदू पी ओपासून उजवीकडे ५ सेंटिमीटरवर. कॅल्क्युलेटर घेतला तर स्पर्शबिंदूच्या कोनाची कोज्या २/५, म्हणून कोन सुमारे ६६.४२ अंश. तो आकडा टाकून आकृती बरोबर येते, पण पी हलवला की बिघडते. मला ही पद्धत आळशी वाटते.

दहावीच्या भौमितिक रचनांतली रीत इथे चपखल बसते. ओपी रेषाखंडाचा मध्यबिंदू एम घ्यायचा. कॅल्क लायब्ररीत ‘ओपासून पीकडे ०.५’ एवढं सांगितलं की तो मिळतो. एम केंद्र धरून ओमधून जाणारं वर्तुळ घ्यायचं. दोन्ही वर्तुळांना नेम पाथने नावं द्यायची, आणि नेम इंटरसेक्शन्सने छेदनबिंदू मागायचे. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून त्या बिंदूंतल्या त्रिज्या पीकडे जाणाऱ्या रेषांना लंब असतात. याच आपल्या दोन स्पर्शिका. प्रत्येकीची लांबी २१ चं वर्गमूळ, सुमारे ४.५८ सेंटिमीटर. मदतीचं वर्तुळ दाखवायचं नसेल तर ड्रॉऐवजी पाथ लिहावं: ते असतं, दिसत नाही. आता पी कुठेही न्या, वर्तुळाबाहेर राहिला म्हणजे झालं.

आलँ मातेस यांच्या टीकेझेड-युक्लिड या पॅकेजमध्ये स्पर्शिकेसाठी तयार आज्ञा आहे. रोज आकृत्या काढणाऱ्याने ती जरूर वापरावी. पण आधी एकदा रचना स्वतः लिहावी.

मराठी नावं

आकृतीत ‘जीवा’, ‘स्पर्शिका’ असे शब्द हवे असतील तर झीलाटेक आणि युनिकोड फाँट घ्यावा. फाँट निवडताना लिपी देवनागरी असल्याचं सांगावं लागतं. नाहीतर ‘स्प’ फुटतो आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते.

वर्तुळ खरंच गोल असतं का?

नसतं. पीडीएफला वर्तुळ ठाऊकच नाही. टिक्झ बेझिए वक्राचे चार तुकडे जोडून ते बनवतं. फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहून कमी. छेदनबिंदूही याच तुकड्यांवर शोधले जातात. आपल्या २ सेंटिमीटर त्रिज्येवर वर्तुळ फार तर मिलिमीटरच्या पाच-सहा हजारांशाने चुकतं, आणि ते दाखवणारी रेषा स्वतःच ०.४ पॉइंट, म्हणजे ०.१४ मिलिमीटर जाड असते.