पूर्ववत होणे म्हणजे काय?

मध्यंतरी आमच्या भाच्याच्या कचेरीत एक छापील प्रश्नावली वाटली गेली. 'अडचणीनंतर आपण किती लवकर पूर्ववत होता?' एक ते पाच गुण स्वतःच द्यायचे! संध्याकाळी तो कागद घेऊन घरी आला. "मामा, रेझिलियन्सला मराठीत काय म्हणायचं हो?"

"सोशिकपणा," मी म्हटलं खरं. पण मन मानीना. सोसतो तर घाण्याचा बैलही.

मग मला आमच्या कोल्हापूरचे दामले आणि फत्तेलाल आठवले. दोघेही मूळचे पडदे रंगवणारे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतले. बाबूरावांनी १९१८ साली देशी कॅमेरा तयार केला, त्यातही दामल्यांचा हात होता. त्या कंपनीत 'हे माझं काम नव्हे' म्हणायची सोयच नव्हती. शांताराम तिथे पडेल ते काम करीत करीतच शिकले. १९२९ च्या जूनमध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णींच्या भांडवलावर त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली.

दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' बोलला! मूकपटांचे दिवस भरले. दामले तेव्हा चाळिशीला टेकलेले. या वयात माणूस नवा चष्मा घ्यायलाही कुरकुरतो. हे गृहस्थ ध्वनिमुद्रण शिकायला बसले. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरातच तयार झाला. पुढे प्रभात पुण्याला गेली, आणि १९३६ साली याच दोघा पडदे रंगवणाऱ्यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

आता सांगा, दामले 'पूर्ववत' झाले का? मुळीच नाही! ते निराळेच झाले. अंगी चिकाटी होती, हे खरंच. पण पहिल्या नोकरीत हरेक कामात हात घालायला मिळाला नसता, तर नुसत्या चिकाटीनं काय साधलं असतं? प्रश्नावलीत मात्र सारे सवाल नोकरालाच. कचेरीनं त्याला काय शिकू दिलं, याचा रकानाच नाही.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःला तीन गुण दिले. शेजारच्या खात्याचं काम शिकू द्या, असा त्याचा अर्ज सहा महिने साहेबांच्या टेबलावर पडून आहे.